गरम ट्रॅक्टरचा सेल्फ जड का फिरतो?
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



उन्हाळी नांगरट असो की सोयाबीनची मळणी, ट्रॅक्टरची एक तक्रार हटकून कानावर येते. सकाळी ट्रॅक्टर एका सेल्फमध्ये सुरू होतो. दुपारपर्यंत काम करून जेवणासाठी बंद केला, की तोच सेल्फ जड फिरतो आणि इंजिन सुरू होत नाही. संध्याकाळी गार झाल्यावर पुन्हा बिनतक्रार सुरू होतो. मग काहीजण दिवसभर इंजिन बंदच करीत नाहीत आणि डिझेल जाळतात. काहीजण घाईने नवी बॅटरी आणतात. पैसे जातात, तक्रार मात्र तशीच राहते. म्हणून आज या बिघाडाचे कारण क्रमाने कसे शोधावे ते पाहू. बिघाड गरम इंजिनावर दिसतो, तेव्हा तपासणीही गरम असतानाच करावी आणि मोजल्याशिवाय कोणताही भाग बदलू नये.

तक्रार नीट ओळखा

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, तर दोष बहुधा इंधनाच्या बाजूला असतो. त्यात हवा शिरणे, फिल्टर चोंदणे किंवा पंपाची झीज ही कारणे पाहावीत. नुसता 'टक्' आवाज येऊन सेल्फ फिरतच नसेल, तर बॅटरी, जोड व सोलेनॉइड तपासावे. आजचा आपला विषय तिसरा आहे : सेल्फ फिरतो, पण हळू.

गरम झाल्यावरच असे का होते?

गरम इंजिनातील तेल पातळ झालेले असते. त्यामुळे इंजिन सकाळपेक्षा हलके फिरायला हवे. तरीही ते जड फिरत असेल, तर सेल्फला पुरेशी वीज मिळत नाही किंवा सेल्फ स्वतःच अडकतो आहे. तांब्याची तार तापली, की तिचा विजेला होणारा विरोध वाढतो. ३० अंशांवरून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यास तो सुमारे पाव पटीने वाढतो. निरोगी ट्रॅक्टरला याने फरक पडत नाही. मात्र एखादा जोड आधीच गंजलेला किंवा सैल असेल, तर उरलीसुरली ताकदही जाते.

एक साधा हिशेब पाहा. सेल्फ २०० अँपिअर वीज ओढत असेल आणि जोडात एक ओहमचा केवळ शंभरावा भाग विरोध असेल, तरी २ व्होल्ट तिथेच खर्च होतात. बारापैकी दोन व्होल्ट वाटेत गेले, तर सेल्फ जड फिरणारच.

तपासणीचा क्रम

१. रेडिएटर : इंजिन प्रमाणाबाहेर तापत असेल, तर पिस्टन व बेअरिंगही जड होतात. रेडिएटरच्या जाळीतील भुसा, पाणी, तेल व फॅनबेल्ट प्रथम पाहावा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये.

२. बॅटरी : इंजिन बंद केल्यावर दोन मिनिटे हेडलाईट लावून ठेवावेत, मग बंद करून व्होल्टेज मोजावे. सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. दिवसभर काम करूनही ती १२.२ च्या खाली असेल, तर चार्जिंग तपासावे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत.

३. जोड व केबल : ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक लावावा. इंजिन बंद करण्याची दांडी ओढून धरावी, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणाली असल्यास माहितीपुस्तिकेप्रमाणे इंधन बंद करावे. मग एकाने सेल्फ मारावा व दुसऱ्याने बाजूला उभे राहून मल्टिमीटरने पुढील तीन मापे घ्यावीत. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये; मध्ये एक-दोन मिनिटे थांबावे.

• बॅटरीच्या दोन्ही खांबांवर : ९.६ व्होल्टपेक्षा कमी नसावे.
• बॅटरीचा धन खांब ते सेल्फची मुख्य खुंटी : ०.५ व्होल्टपेक्षा जास्त नसावे.
• बॅटरीचा ऋण खांब ते सेल्फची बॉडी : ०.३ व्होल्टपेक्षा जास्त नसावे.

दुसरे माप जास्त आले, तर दोष केबल, जोड किंवा सोलेनॉइडमध्ये आहे. तिसरे जास्त आले, तर अर्थिंग खराब आहे. अर्थिंगच्या बोल्टखाली रंग, गंज किंवा माती असणे हे नेहमी आढळणारे कारण आहे. ही तिन्ही मापे सकाळी थंड असताना व दुपारी गरम असताना घेऊन वहीत लिहावीत. ज्या मापात फरक पडला, तिथे दोष.

मल्टिमीटर नसेल, तर हेडलाईट लावून सेल्फ मारावा. दिवे अगदी मंद झाले, तर बॅटरी, तिचे टर्मिनल किंवा जास्त वीज ओढणारा सेल्फ यांवर संशय घ्यावा. दिवे तेजस्वी राहून सेल्फ जड फिरला, तर सेल्फची केबल, सोलेनॉइड, कार्बन किंवा इंजिनाचे अर्थिंग पाहावे.

४. सेल्फ : तिन्ही मापे योग्य असूनही सेल्फ जड असेल, तरच तो उतरवावा. बुश झिजले, की आर्मेचर आतल्या भागाला घासते. कार्बन झिजले, की वीज पुरेशी पोचत नाही. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

दुरुस्ती व दक्षता

टर्मिनल काढताना अर्थिंगची तार प्रथम काढावी व शेवटी जोडावी. बॅटरीची झाकणे बंद ठेवून टर्मिनल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावेत, कोरडे करून घट्ट आवळावेत व वरून पेट्रोलियम जेली लावावी. बॅटरीतून ज्वलनशील वायू निघतो. म्हणून जवळ विडी-काडी ओढू नये.

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सेल्फ जड झाला, की काहीजण चाकाजवळ उभे राहून सेल्फच्या खुंट्यांवर पाना किंवा स्क्रूड्रायव्हर टेकवून ट्रॅक्टर सुरू करतात. असे करताना सुरक्षिततेचा स्विच निकामी ठरतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल, तर तो इंजिन सुरू होताच पुढे येतो आणि मोठे चाक माणसाच्या अंगावरून जाते. सावरायला वेळ मिळत नाही. घरातील मुलांना व ट्रॅक्टरवरील गड्यालाही हे निक्षून सांगावे. ट्रॅक्टर नेहमी सीटवर बसूनच सुरू करावा.

हंगामापूर्वी एक तास काढून जोड साफ केले, तर भर कामात ट्रॅक्टर अडणार नाही आणि नको ती खरेदीही टळेल.