दामलेमामा आणि साहेबमामा

भंडारा जिल्ह्यांतील आंबागडचा किल्ला इ. स. १७०० च्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंद राजाचा सुभेदार राजाखान यानें बांधविला, अशी नोंद आहे. पण त्याचे बुरूज कोणी आंखले आणि पाथरवट-गवंड्यांचा मेळ कोणी राखला, हें कोणी लिहून ठेवलें नाहीं. अनेक हातांनीं साकार होणाऱ्या कलाकृतींत योजकानें सहकाऱ्यांचा विश्वास कसा मिळवावा, हें पाहावयाचें तर 'प्रभात'कडे वळावें.

१ जून १९२९ रोजीं कोल्हापुरांत 'प्रभात फिल्म कंपनी' स्थापन झाली. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर व सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे पांच भागीदार. कुलकर्णी सोडल्यास बाकीचे चौघे बाबूराव पेंटर यांच्या 'महाराष्ट्र फिल्म कंपनी'च्या तालमींत तयार झालेले. १९३३ सालीं कंपनी पुण्यास आली. दामले ध्वनिमुद्रण पाहात, फत्तेलाल कलाविभाग. फत्तेलाल मूळचे चित्रकार. आणि ज्याला स्वतः कुंचला धरतां येतो, त्याच्या तोंडचा 'पुन्हां करा' हा शब्द कारागिराच्या जिव्हारीं लागत नाहीं. कारखान्यांत त्यांस 'साहेबमामा' व दामल्यांस 'दामलेमामा' म्हणत. वरिष्ठास मामा म्हणतां येतें तेथें चूक लपविण्याचें कारण उरत नाहीं. (हल्लींच्या पुष्कळ कचेऱ्यांत केवळ नांवानें हांक मारण्याची प्रथा आहे, तेवढ्यानें भीति जातेच असें नाहीं.)

या जोडीनें १९३६ सालीं 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. एक ब्राह्मण, दुसरा मुसलमान. पण श्रेय दोघांच्या नांवें एकत्र. अमुक प्रसंग कोणाचा, हें चित्र पाहून सांगतां येत नाहीं. असे प्रमुख असले म्हणजे हाताखालच्यांस एकाविरुद्ध दुसऱ्याचे कान भरतां येत नाहींत, हा लाभ लहान नव्हे. तुकारामाचें काम स्त्रीभूमिकांबद्दल ख्यात असलेल्या विष्णुपंत पागनीसांकडे आलें. कंपनींत किरकोळ कामें करणाऱ्या गौरीबाईंना तुकारामाच्या पत्नीची भूमिका मिळाली, आणि तिचा तो रोखठोक संसारीपणा चित्राचा आधारस्तंभ ठरला. तरुण शांताराम आठवले यांनीं रचलेलें 'आधी बीज एकलें' हें पद तर कित्येकांस तुकोबांचाच अभंग वाटलें. जुन्या नांवाजलेल्या माणसावरच भिस्त ठेवली असती, तर हें घडलें नसतें. १९३७ सालीं व्हेनिस येथील महोत्सवांत या चित्राचा गौरव झाला.

मात्र हा मेळ अखंड टिकला नाहीं. भागीदारांत दुरावा आला, १९४२ सालीं शांताराम बाहेर पडले, १९४५ सालीं दामले निवर्तले. कलाविभाग तोच, यंत्रें तींच, पण परस्परांस हक्कानें टोकणारीं माणसें पांगलीं. पुढें कंपनी बंद पडली आणि त्याच जागीं १९६० सालीं सरकारनें चित्रपट-शिक्षणाची संस्था काढली.