जीपचीं चाकें आणि आंसांतील दांते

गेल्या मार्गशीर्षांत माझा भाचा आपल्या आईला व मला घेऊन पुण्याहून ताम्हिणी घाटानें माणगांवास निघाला होता. वाहन म्हणजे एक जुनी विलीज जीप. दुसऱ्या महायुद्धाच्या काळची ही गाडी त्यानें हौसेनें घेतली, दोन वर्षें खपून चालती केली, आणि त्याच दिवाळींत तिला नवीं, रुंद व उंच चाकें चढविलीं. मूळचीं चाकें २८ इंचांचीं, हीं ३१ इंचांचीं. गाडी मोठी रुबाबदार दिसत होती, हें मला कबूल केलें पाहिजे.

घाट उतरतांना गाडी दुसऱ्या गियरांत होती. एरवीं ह्या गियरांत एंजिनच गाडीला मागें खेंचून धरीत असे. त्या दिवशीं तें पुरेसें धरीना. भाचा वारंवार ब्रेक दाबूं लागला. ह्या जुन्या जीपचा पहिला गियर असा आहे कीं, गाडी जवळजवळ थांबल्याखेरीज तो पडत नाहीं. म्हणून ती वाटही बंद. चार वळणें झालीं नाहींत तोंच जळक्या अस्तराचा वास सुटला आणि ब्रेकचें पेडल खालीं खालीं जाऊं लागलें. माझी बहीण मागच्या बाकावर होती. तिनें तोंडांतून शब्द काढला नाहीं. पण माझ्या खांद्यावर तिच्या बोटांची जी पकड बसली ती मला अजून आठवते. अखेर भाच्यानें डोंगराच्या अंगच्या चरांत चाकें घातलीं, हातब्रेक ओढला आणि गाडी थांबली. कोणास लागलें नाहीं. अक्का मात्र पुढें माणगांवापर्यंत एस्. टी.नें गेली.

ब्रेकचें अस्तर नवें होतें, तेल नवें होतें, चालविणारा उतावळा नव्हता. मग बिघडलें कोठें? मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, जन्मभर मुलांना अंकगणित शिकविलेला मास्तर. यंत्रशास्त्राचा मला अधिकार नाहीं. परंतु हा प्रश्न यंत्रापेक्षां त्रैराशिकाचाच अधिक निघाला, म्हणून आज आपणांपुढें तो मांडण्याचें धाडस करीत आहें.

एंजिनाचें फिरणें चाकापर्यंत टप्प्याटप्प्यानें पोंचतें. प्रथम गियरपेटी; तिच्यामागें जीपमध्यें आणखी एक पेटी, जिच्यांतून पुढच्या व मागच्या आंसाकडे एकेक दांडा जातो; आणि शेवटीं आंसाच्या मध्यावर जें फुगीर भांडें दिसतें त्यांतील दांतेरी चाकांची जोडी. लहान चाक तें पिनियन, मोठें तें क्राऊन. भाच्याच्या गाडींत पिनियनला ८ दांते आणि क्राऊनला ३९. ३९ ला ८ नें भागा, ४.८८ येतात. म्हणजे दांडा जवळजवळ पांच वेळां फिरावा तेव्हां चाक एकदां फिरतें. वेग जितक्या पटीनें कमी होतो तितक्या पटीनें फिरविण्याचा पीळ वाढतो. हा ४.८८ चा आंकडा कारखान्यानें २८ इंची चाक मनांत धरून ठरविलेला असतो. चाक बदललें आणि आंकडा तसाच राहिला, म्हणजे हिशेब चुकलाच.

येथें अक्कानें मला अडविलें. ती म्हणाली, "अरे, आजोळच्या बैलगाडीचीं चाकें आपल्या छातीइतकीं उंच होतीं, आणि ती दगडधोंड्यांतून सुखानें जाई. मग मोटारीलाच मोठें चाक कां बाधावें?" प्रश्न ऐकून मी क्षणभर निरुत्तर झालों. उत्तर असें आहे कीं, बैल चाक फिरवीत नाहीं. तो आंस पुढें ओढतो; चाक आपसुक फिरतें. तेथें चाक जितकें मोठें तितका खड्डा लहान, आणि त्याबद्दल बैलाला कांहीं जास्त द्यावें लागत नाहीं. एंजिन आंस ओढीत नाहीं, पिळतें. तो पीळ आंसापासून जमिनीपर्यंतच्या अंतरावरून रस्त्याला लागतो. अंतर वाढलें कीं रस्त्यावरचा रेटा त्याच प्रमाणांत घटतो. विहिरीवरच्या रहाटाचा दोर गुंडाळण्याचा लाट जाड केला आणि फिरविण्याचा दांडा पूर्वीचाच ठेवला, तर घागर लवकर वर येते. पण हात भरून येतात.

२८ चे ३१ केल्यानें रेट्याचा जवळजवळ दहावा हिस्सा गेला. चढावर एवढ्यानें गाडी कुंथते, क्लच घसरवून न्यावी लागते, फार तर बंद पडते. उतारावर मामला उलटा होतो. तेथें रस्ताच चाकाला फिरवीत असतो, आणि मोठें चाक म्हणजे रस्त्याच्या हातीं दिलेली लांब पहार. पूर्वी ताशीं ३० किलोमीटर वेगानें दुसऱ्या गियरांत उतरतांना एंजिन मिनिटाला सुमारें १,७०० फेरे करीत असे. आतां १,५५० च करूं लागलें. एंजिन जितकें हळू फिरतें तितकें तें गाडीला कमी अडवितें. शिवाय ब्रेकचीं पिंपें तेवढींच लहान राहिलीं; त्यांच्याही पकडींतून तो दहावा हिस्सा गेला. दोन्ही रखवालदारांनीं एकाच वेळीं थोडीथोडी डुलकी घेतली, असें म्हणा ना.

मग मोठीं चाकें लावावींच कशाला? त्यालाही कारण आहे. गाडीचा सांगाडा स्प्रिंगांवर कितीही उचलला तरी आंसाचें तें फुगीर भांडें उंच होत नाहीं. तें चाकाच्या मध्याशीं बांधलेलें असतें. दगडावर आपटतें तें तेंच. तें उचलण्यास मोठें चाक हा सरळ उपाय, आणि तोही निम्म्यानेंच फळतो: चाक तीन इंचांनीं वाढलें तर भांडें दीड इंच वर येतें. ज्याला सह्याद्रीच्या कातळवाटांनीं जावयाचें आहे त्याला त्या दीड इंचाचें मोल कळतें. म्हणून मीं भाच्याला चाकें उतरवावयास सांगितलें नाहीं. त्याला फूटपट्टी आणि खडू आणावयास सांगितलें.

टायरवर छापलेला आंकडा गणितांत घेऊं नये. भार पडला कीं टायर बसतो. आम्ही अंगणांत चाकावर व जमिनीवर खडूची खूण केली, गाडी चाकाच्या एका पूर्ण फेऱ्याइतकी ढकलली आणि अंतर मोजलें. नव्या चाकाचें २ मीटर ३९ सेंटिमीटर भरलें. जुन्याचें २ मीटर १६. त्यानंतर आंसाचा आंकडा खरोखर ४.८८ च आहे ना, हें पाहिलें. कारण इतक्या वर्षांत कोणी काय बदललें असेल ह्याचा भरंवसा नसतो. गियर मोकळे ठेवले, मागचें एक चाक जॅकवर उचललें आणि तें हातानें पूर्ण दोनदां फिरविलें. दोनदां अशासाठीं कीं दुसरें चाक जमिनीवर स्थिर आहे, आणि आंसांतील यंत्रणा दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची सरासरी धरते. तेवढ्यांत दांडा पांचाला थोडे कमी इतके फेरे फिरला. हा प्रयोग करणाऱ्यांनीं एक जपावें: ह्या जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून त्या दांड्यावरच असतो, तो सोडल्यावांचून दांडा फिरत नाहीं, आणि सोडला तर गाडी मोकळी होते. म्हणून जमिनीवरच्या चाकांना आधीं मोठे दगड लावावेत.

आतां त्रैराशिक. २१६ ला ४.८८, तर २३९ ला किती? उत्तर ५.४०. आणि विलीज कंपनीच्याच १९४५ सालीं निघालेल्या शेतकऱ्यांच्या जीपमध्यें ४३ व ८ दांत्यांची जोडी होती. तिचा आंकडा ५.३८! भाच्याला जो आनंद झाला तो मीं पूर्वी वर्गांत बाकी शून्य आलेल्या मुलांच्या तोंडावर पाहिला आहे. ती शेतकी जीप लक्षांत ठेवण्याजोगी आहे. एंजिन तेंच, ६० अश्वशक्तीचें. चाकें त्याच मापाचीं. परंतु लढाईंत धांवावयाचें होतें आणि शेतांत नांगर ओढावयाचा होता, म्हणून कारखान्यानें एंजिनाला हात न लावतां दांते बदलले. सर्वांत जोरकस गियरांत लष्करी जीपचें एंजिन सुमारें साडेपंचवीस वेळां फिरे तेव्हां चाक एकदां फिरे. शेतकी जीपचें सुमारें साडेछत्तीस वेळां.

भाच्याच्या मनांत पुढेंमागें ३३ इंची चाकें घालण्याचें होतें. त्याला ५.७५ लागले असते. तशी जोडी त्याच्या आंसाला मिळेना. माझें मत असें झालें आहे कीं, चाक आधीं घेऊन मग दांते शोधण्यापेक्षां, आपल्या आंसाला कोणकोणत्या जोड्या मिळतात हें आधीं पाहावें आणि त्यांवरून चाक ठरवावें. उलट, लागतो त्याहून फारच मोठा आंकडा घेणेंही शहाणपणाचें नव्हे. मूळच्या २८ इंची चाकांवर ५.३८ घातले असते तर ताशीं ६० च्या वेगाला एंजिनाचे फेरे सुमारें २,१८० वरून २,४०० वर गेले असते. कान किटले असते आणि पेट्रोलही जास्त जळलें असतें. ३१ इंची चाकांवर ५.३८ घातल्यानें ते जवळजवळ पूर्वीइतकेच राहतात.

एका कारागिरानें नेमका उलटा सल्ला दिला होता: कमी आंकड्याची जोडी घाला, गाडी पळेल. पळाली असती, सपाटीवर. बाजारांत "हाय" आणि "लो" ह्या शब्दांनीं फार घोटाळा होतो. मोठा आंकडा "लो" आणि लहान आंकडा "हाय" म्हणवितो. तेव्हां शब्द सोडून द्यावेत, दांते मोजावेत. दुसऱ्यानें खर्च वांचविण्यासाठीं फक्त मागची जोडी बदलण्यास सुचविलें. तसें केलें असतें तर चारही चाकांचा जोर लावतांच मागचीं चाकें दहा मीटर जाऊं पाहतात तेव्हां पुढचीं अकरा मीटर जाऊं पाहिलीं असतीं. चिखलांत चाकें घसरून वेळ निभावते. कोरड्या कातळावर कांहींतरी तुटतें. दोन्ही आंसांत एकच जोडी हवी, आणि म्हणून खर्च दुप्पट. बसविण्याचें कामही नाजूक. दांत्यांना रंग लावून, फिरवून, ठसा दांत्याच्या मध्यावर उमटतो कीं कडेला, हें पाहत पाहत बारीक पत्र्यांनीं अंतर जुळवावें लागतें. आमचा कारागीर दोन दिवस त्यांतच होता, आणि मी त्याच्याजवळ स्टूल टाकून.

हें सर्व झाल्यावरही एक उणीव राहते, आणि ती दुकानदार सांगत नाहींत. दांते बदलल्यानें एंजिनाचा हिशेब जुळला. ब्रेकचा जुळला नाहीं. ब्रेक चाकाशींच असतो, दांत्यांच्या अलीकडे नव्हे. मोठ्या चाकानें त्याचा जो दहावा हिस्सा नेला तो गेलाच. भाच्यानें पुढें निराळा खर्च करून ब्रेक वाढवून घेतले, तोंपर्यंत गाडी घाटांत नेली नाहीं. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला आपल्या मर्जीनें करतां येत नाहीं. तेव्हां परिवहन कार्यालयांतील विचारणा पहिला रुपया खर्च होण्यापूर्वीं करावी. आम्हीं ती मागाहून केली व चार हेलपाटे घातले.

माघांत भाचा पुन्हां ताम्हिणी उतरला. मी शेजारीं बसून वळणें मोजीत होतों. दुसऱ्या गियरांत एंजिनाचा तो जुना घोगरा आवाज परत आला होता, आणि त्यानें ब्रेकला पाय लावला तो बहुतेक वळणापुरताच. माणगांवीं पोंचल्यावर त्यानें आईला फोन केला व परत येतांना जीपनेंच चल म्हणून आग्रह धरला. अक्कानें सर्व हिशेब शांतपणें ऐकून घेतला, आणि एस्. टी. किती वाजतां सुटते तें विचारलें.