नाळेतले रक्त



मूल जन्मले, नाळ कापली, की वारेचे काम संपले असे आपण समजतो. जुनी माणसे ती अंगणात पुरीत. पण नाळेत नि वारेत थोडे रक्त शिल्लक असते. फार नाही, अर्धी वाटी भरेल एवढे. मात्र त्यात रक्ताचे बियाणे असते. डॉक्टर त्याला मूळपेशी म्हणतात. नागलीचे बी मातीत रुजते ना, तशा या पेशी आजारी माणसाच्या हाडांत रुजतात आणि नवे रक्त तयार करतात.

कुणी म्हणेल, ही थाप आहे! थाप नव्हे. १९८८ साली फ्रान्स देशात, पॅरिस शहरात, डॉ. एलियान ग्लूकमन या बाईंनी पाच वर्षांच्या एका मुलाला असे रक्त दिले. त्याच्या अंगात रक्तच नीट तयार होत नव्हते. रक्त होते त्याच्या तान्ह्या बहिणीच्या नाळेतले. पोरगा जगला, मोठा झाला.

मग हे रक्त दान करावे काय? जिथे सोय असेल तिथे जरूर करावे. आईची परवानगी आधी घेतात. रक्त नाळ कापल्यावर काढतात, म्हणून बाळाला दुखत नाही. मग ते तपासून शून्याखाली १९६ अंश थंडीत ठेवतात. हे काम थोड्याच ठिकाणी होते. दाभोशाच्या बाईने त्यासाठी कळा सोसत मुंबई गाठावी, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही.

शिवाय त्या रक्तावर पहिला हक्क बाळाचा. जन्मताना बाळाचे सुमारे एक तृतीयांश रक्त वारेकडे असते. नाळ घाईने कापली तर त्यातले बरेचसे तिथेच राहते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, निदान एक मिनिट थांबा. तेवढ्यात रक्त बाळाकडे जाते. त्यातले लोह पुढे काही महिने त्याला पुरते. आपल्याकडे आईच्याच अंगात रक्त कमी, तेव्हा हे लहान काम नव्हे. बाळ श्वास घेत नसेल तर मात्र डॉक्टर थांबत नाहीत, लगेच कापतात.

पैसे भरून आपल्याच मुलासाठी रक्त ठेवा, असे सांगणाऱ्या कंपन्याही आहेत. त्याला शास्त्राचा आधार नाही, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ साली सांगितले. त्यासाठी कर्ज काढू नका. घरात थोरल्या मुलाला सिकलसेल असेल, तर गोष्ट वेगळी. धाकट्याचे रक्त त्याला कधी कधी जुळते. ते पोटात असतानाच डॉक्टरांना विचारा.

आणि बाळंतपणाला जव्हारच्या कुटीर रुग्णालयात जाल, तेव्हा सिस्टरबाईंना आधीच सांगून ठेवा, “बाई, नाळ जरा थांबून कापा.”