काळ्या कोंबडीची गोष्ट



कामगारांचा माणूस कोंबड्यांवर काय बोलणार, म्हणून आपण हसलात. हसा! चिंचवडला माझ्या परसात कडकनाथ आहेत. मूळचा हा पक्षी मध्यप्रदेशातल्या झाबुआचा, भिल्ल-भिलाल्यांनी राखलेला. पिसे, कातडी, मांससुद्धा काळे. २०१८ साली झाबुआला त्याचे भौगोलिक मानांकन मिळाले. पुढच्याच वर्षी आपल्या सांगलीकडे त्याच्या नावावरच्या योजनेत शेतकरी बुडाले. पक्ष्याचा त्यात काय दोष?

पहिली चोवीस अंडी मी यंत्रात ठेवली. अठरावा दिवस, थंडीतला गुरुवार. दुरुस्तीसाठी वीज दिवसभर गेली आणि मी चाकणला वाटाघाटीत! पुढे अंडी फोडली, तर आत पिले जवळजवळ पुरी झालेली. दुसऱ्या खेपेला अकरा निघाली. लस द्यायची राहिली. मानमोडीने आठवड्यात नऊ नेली. उरलेले दोन्ही कोंबडेच! घरून विचारणा झाली, "हा संप मागे कधी घेणार?"

कडकनाथची मादी अंड्यांवर क्वचितच बसते, हे मला उशिरा उमगले. चाकणकडच्या एका आजींनी आपली खुडूक गावरान कोंबडी डालग्यासकट दिली. म्हणाल्या, "बाबा, हिला वीज लागत नाही." एकवीस दिवस ती दाण्यापाण्यापुरतीच उठली. नऊ पिले निघाली. सातव्या दिवशी प्रत्येकाच्या डोळ्यात लासोटाचा थेंब घातला. सहा वाढली. त्यांतला एक पिवळ्या पायांचा निघाला, म्हणजे कुठेतरी भेसळ. तो वंशाला ठेवला नाही.

परवा एका तलंगेने पहिले अंडे दिले. आजींची कोंबडी पुन्हा कधी खुडूक होते, याची रोज चौकशी करतो आहे.