हिरड्यांचा जंतू: नाव एक, वाण वेगळे

हिरडीत अमुक जंतू सापडला, एवढ्यावरून रोगाचा अंदाज बांधता येत नाही. त्याचा वाण पाहावा लागतो. ॲग्रिगॅटिबॅक्टर ॲक्टिनोमायसिटेमकॉमिटन्स या लांबलचक नावाच्या जिवाणूचंच घ्या. आपल्या पांढऱ्या पेशी मारणारं विष तो तयार करतो. त्याच्या ‘जेपी२’ वाणात या विषाच्या जनुकांआधीचा, त्यांच्यावर नियंत्रण ठेवणारा डीएनएचा ५३० अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. तेवढ्यानं विष कित्येक पटींनी जास्त बनतं आणि हिरडीचे पहारेकरीच आधी मरतात.

कुणी म्हणेल, रोगानं पोखरलेल्या हिरडीत हा वाण मागाहून शिरत असेल. शंका रास्त आहे. म्हणूनच २००८ साली प्रसिद्ध झालेला मोरोक्कोतला अभ्यास मला मोलाचा वाटतो. तिथे हिरड्या निरोगी असलेल्या किशोरवयीन मुलांचा दोन वर्षं मागोवा घेतला गेला. हा जिवाणू मुळीच नसलेल्यांच्या तुलनेत, फक्त जेपी२ असलेल्यांना रोगाचा धोका सुमारे १८ पट निघाला. इतर वाण असलेल्यांना ३ पट. म्हणजे जंतू आधी, रोग नंतर. मग ब्रश करणं व्यर्थ का? मुळीच नाही, दातांवरचा थर काढायलाच हवा. पण कोवळ्या वयात पहिल्या दाढांभोवतीचं हाड झिजताना दिसलं, तर मुलावर आळशीपणाचा ठपका ठेवण्याची घाई नको. दोष जेपी२चाही असू शकतो, आणि त्याच्या डीएनएतून तो तुकडा गळालेला आहे का, हे पीसीआर चाचणीत ओळखता येतं.