ठोसा पेलणारा सांधा

साग आणि बांबूच्या या मुलखात मी आज कार्बन फायबरच्या एका काठीबद्दल बोलणार आहे. पूल खेळायची, सुटी करून पिशवीत घालता येणारी क्यू. क्यूने खेळायचे खेळ आपल्याला परके मुळीच नाहीत. स्नूकर १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने सुरू केला, आणि तेव्हा जबलपूर आणि आपलं सिरोंचा एकाच मध्य प्रांतात होते. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, १९६४ मध्ये पुन्हा झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांचं नाव आपल्या मुलांना ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

पूलची क्यू साधारण ५८ इंच लांब असते आणि मेपलची असते. लाकूड हवेतली ओल पितं आणि उन्हात सोडतं. प्राणहिता-गोदावरीच्या काठचा पावसाळा आणि त्याआधीचा मे महिना, दोन्ही सोसून क्यूने बाक धरला नाही तरच नवल. टेबलावर ठेवून फिरवली की टोक डोलताना दिसतं. शिवाय एवढी लांब काठी एसटीच्या गर्दीत जपायची कुठे?

आता बांबूचा आडवा काप डोळ्यांपुढे आणा. त्यात काळपट ठिपके दिसतात, ते धाग्यांचे जुडगे. आत विरळ, सालीजवळ दाट. काठी वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या थरावर येतो, म्हणून ताकद तिथेच हवी. आपल्या बुरड कारागिरांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. कार्बनची नळी याच तत्त्वावर बनते: मध्ये पोकळ, कडेला धागे, आणि धाग्यांना धरून ठेवणारी राळ, म्हणजे इपॉक्सी. धाग्यांच्या दिशेने तिचा ताठपणा मेपलच्या सुमारे दहापट भरतो.

नळी करताना निमुळत्या, गुळगुळीत पोलादी दांड्याला आधी मेण लावायचं, नाहीतर नळी त्यावरून कधीच सुटणार नाही. मग राळेत भिजवलेलं कार्बनचं कापड गुंडाळायचं. बहुतेक थर लांबीच्या दिशेने, पण काही तिरपे आणि आडवे हवेतच. सगळे धागे उभे ठेवले तर नळी बांबूसारखी उभी चिरते. वरून आक्रसणारी टेप घट्ट गुंडाळून भट्टीत भाजायचं. टेप आवळते, जास्तीची राळ आणि हवा बाहेर पडते. थंड झाल्यावर दांडा ओढून काढायचा.

इथवरचं काम जपून केलं की जमतं. क्यूचं खरं मोल ठरतं ते तुकडे जोडणाऱ्या सांध्यावर. क्यूच्या टोकावरची टिप आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाच असतो, आणि तेवढ्यात तो धक्का पूर्ण लांबीतून जातो. पुष्कळांना वाटतं, बोल्ट जाड असला की सांधा पक्का. तसं नाही. बोल्टचं काम दोन तोंडं एकमेकांवर ओढून धरण्याचं. ठोसा पेलायचा तो तोंडांनी. म्हणून आट्यांची बुशी नळीत आधी चिकटवायची आणि मगच लेथवर तोंड सपाट करायचं. आधी तोंड कापलं तर चिकटवताना बुशी केसभर तिरकी बसते आणि क्यू कायमची वाकडी. परीक्षा सोपी आहे: एका तोंडाला मार्करची शाई लावा, सांधा आवळा, ओलं असतानाच उघडा. शाई दुसऱ्या तोंडावर गोल उमटली तर उत्तम. एकाच बाजूला उमटली तर पुन्हा लेथ.

बुशी ॲल्युमिनियमची नको. कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे दमट हवेत त्याला चिकटलेलं ॲल्युमिनियम गंजत जातं. स्टेनलेस स्टील वापरा, किंवा मध्ये काचेच्या धाग्यांचा पातळ थर द्या. दुसरा शत्रू ऊन. नुसत्या खोलीच्या तापमानाला घट्ट झालेली इपॉक्सी बऱ्याचदा ५०–६० अंशांना मऊ पडू लागते, आणि मे महिन्यात बंद गाडीच्या काचेखाली एवढी उष्णता सहज होते. तेव्हा चिकटवलेला सांधाही बेताने भाजून घ्या.

तुकडे किती करायचे? दोन केले तर २९ इंचांचे होतात, तीन केले तर आणखी आटोपशीर. पण पुढच्या भागात सांधा नकोच. क्यूचं टोक जितकं हलकं, तितका बाजूने मारलेला चेंडू रेषेवरून कमी ढळतो. तिथे धातू घातला की पोकळ नळीचा फायदाच गेला. पोकळीत हलका फोम भरला की टणत्कार कमी होतो. आणि कानस मारताना तोंडावर मास्क लावा, पाणी शिंपडत घासा. कार्बनची धूळ छातीत जाता कामा नये. तरुण मुलं घाईत नेमकं हेच विसरतात, म्हणून मुद्दाम सांगतो.