प्रवचनामागचे सूर आणि गटाचं कर्ज

बचत गटाच्या बैठकीत शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, मुलांच्या फीसाठी कर्ज मागितलं जातं. आमच्या उल्हासनगरच्या एका गटात यंदा वेगळाच अर्ज आला. एका ताईंनी कीबोर्डसाठी १२,००० रुपये मागितले. त्या जीन्सच्या कारखान्यातून धागे कापायचं काम घरी आणतात. माल आला तर पैसे, नाही आला तर नाही. रविवारी त्या चर्चमध्ये कीबोर्ड वाजवतात. तिथलं वाद्य उपासनेपुरतंच हाताला लागतं, घरी सरावाला काही नाही.

गटात हिंदू, बौद्ध, सिंधी, ख्रिस्ती अशा सगळ्या बाया आहेत. लगेच प्रश्न आला, "हे काम आहे की हौस?" दुसरी म्हणाली, "गटाचे पैसे चर्चला कशाला?" प्रश्न योग्यच होते. पण उत्तर देण्याआधी ते काम नेमकं काय असतं, हे आम्ही ताईंनाच समजावून सांगायला लावलं. तेच आज तुम्हाला सांगते.

गाण्याच्या वेळी वाजवणारी सगळ्यांना दिसते. पण त्या म्हणाल्या, खरं अवघड काम गाणं संपल्यावर असतं. पाळकसाहेब संदेश देतात, शेवटी प्रार्थनेकडे वळतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यामागे हळू सूर धरायचा. कीर्तनात बुवा बोलता बोलता अभंगावर येतात आणि पेटीवाला त्यांना सूर तयार ठेवतो ना, तसंच.

यात तीन पट्ट्या एकदम दाबतात. त्याला कॉर्ड म्हणतात. पांढरी एक म्हणजे सा धरला, तर सा-ग-प ही पहिली कॉर्ड. मग ध-सा-ग, त्यातला ध खालचा. मग म-ध-सा आणि प-नि-रे. या चार जमल्या की पुष्कळ गाण्यांना साथ करता येते. एकही काळी पट्टी लागत नाही. प-नि-रे वर थांबलं, तर अजून काहीतरी यायचंय असं कानाला वाटतं. सा-ग-प वर आलं की घरी आल्यासारखं होतं. म्हणून वक्त्याचं बोलणं चालू असताना म-ध-सा वर रेंगाळायचं आणि 'आमेन' झालं की सा-ग-प वर उतरायचं. पाश्चात्त्य चर्चसंगीतात कॉर्डच्या या जोडीला 'आमेन'चंच नाव आहे.

त्यांचे नियम ऐकण्यासारखे आहेत. आवाज इतकाच ठेवायचा की मागच्या बाकावरच्या आजींना शब्द कळले पाहिजेत. कॉर्ड बदलायची ती वाक्य संपल्यावर, मध्येच नाही. ओळखीची चाल वाजवायची नाही, नाहीतर लोक मनात गाणं म्हणू लागतात आणि संदेश राहतो बाजूला. शास्त्रवाचन सुरू झालं की हात उचलायचे. आणि पुढचं गाणं ज्या पट्टीत आहे त्या पट्टीत आधीच येऊन थांबायचं, म्हणजे गाणाऱ्यांना सूर शोधावा लागत नाही. हे सगळं वक्त्याकडे कान देऊनच जमतं.

हे परकं वाटत असेल, तर आपल्या पेटीचंच बघा. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये १८४२ साली निघालं. आपल्याकडे ती आली आणि मांडी घालून वाजवता येईल अशी हाताच्या भात्याची पेटी कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी केली. तिच्यावर सूर घसरवून मींड काढता येत नाही, म्हणून आकाशवाणीने १९४० ते १९७१ तिला बंदी घातली होती. पण भजनी मंडळांनी तिला सोडलं नाही. इकडे ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि मराठी उपासनेत अभंग, भजन, कीर्तन यायला हवं असा त्यांनी आग्रह धरला. म्हणजे परदेशी पेटी आपल्या देवळात गेली आणि आपला अभंग चर्चमध्ये गेला.

बोलण्यामागे कॉर्ड धरायची रीत मात्र अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये रुजली. तिथे उपदेशक थांबला की वाद्य त्याला उत्तर देतं. शिकागोचे थॉमस डॉर्सी हे या गॉस्पेल संगीताचे जनक मानले जातात. १९३२ साली त्यांच्याकडे सॅली मार्टिन नावाची गायिका आली. तिने पाहिलं, डॉर्सींच्या गाण्यांचे छापील कागद खपतात, पण पैशाचा धड हिशेब नाही. तिने ती विक्री हातात घेतली, नोंदी ठेवल्या आणि धंदा मार्गी लावला. पुढे १९४० साली केनेथ मॉरिस या संगीतकाराबरोबर तिने स्वतःची प्रकाशन संस्था काढली. भक्तीच्या गाण्यालाही वही लागते, हे त्या बाईने ओळखलं होतं. आपल्या गटात वही सांभाळणाऱ्या बाईला हे लगेच पटेल.

आता आमच्या अर्जाकडे येते. ताईंनाच एक अडचण वाटत होती. "देवाच्या कामाचे पैसे कसे घेऊ?" यावर बराच वेळ बोलणं झालं. शेवटी त्यांनीच वाट काढली. रविवारची उपासना ही सेवा, तिथे मानधन मागायचं नाही. लग्नं, नाताळचे कार्यक्रम, बाहेरच्या सभा यांना आधी ठरवून मानधन घ्यायचं आणि रिक्षाभाडं वेगळं. शिवाय वस्तीतल्या मुलांची शिकवणी, आठवड्यातून दोन संध्याकाळी. शिकवणीला कोणत्याही धर्माचं मूल चालेल.

मग हिशेब मांडला. १२,००० रुपये, १० महिने, महिना १ टक्का व्याज, उरलेल्या रकमेवर. दरमहा मुद्दल १,२००. पहिल्या महिन्याचं व्याज १२०, म्हणून हप्ता १,३२०. शेवटचा हप्ता १,२१२. एकूण व्याज ६६०, तेही गटाकडेच राहणार. वाद्य ताईंच्या नावावर, पावती गटाच्या फाइलमध्ये. चर्चला काहीच दिलेलं नाही, कर्ज सदस्याला दिलं. हे ठरावात स्पष्ट लिहिलं आणि सगळ्यांनी सह्या केल्या.

आजपर्यंत चार हप्ते वेळेवर आले. शिकवणीला पाच मुलं येतात, त्यात भजनी मंडळातल्या एका सदस्याची मुलगीही आहे. पुढे पावसाळ्यात लग्नं नसतात, तेव्हा हप्ता शिकवणीवरच ओढायचा आहे. ते सोपं नाही, म्हणून ताई आतापासून दर महिन्याला थोडे बाजूला ठेवतात.

मैत्रिणींनो, अंबरनाथ-बदलापूरकडच्या तुमच्या गावांतही अशा बाया आहेत. कुणी भजनात ढोलकी धरते, कुणी भीमगीतांना कोरस देते, कुणी लग्नात ओव्या आणि घाण्याची गाणी म्हणते. पुढच्या बैठकीत एक फेरी घ्या. प्रत्येकीला विचारा, तुला काय येतं, त्याला किती वेळ जातो, पदरचे किती पैसे जातात. सेवा कुठली आणि मोलाचं काम कुठलं, हे तिला स्वतःला ठरवू द्या. आणि ती कर्ज मागायला आली, तर "हौस आहे" म्हणण्याआधी तिला हिशेब मांडायला बसवा. वही तिच्यासमोर उघडून ठेवा.